पावसाळ्यात घरचा स्ट्रेस बॉल चिकट, कुबट किंवा कडक का होतो, आणि उपाय काय

एप्रिल-मेच्या सुट्टीत मुलांनी फुग्यात पीठ भरून मुठीत दाबायचे स्ट्रेस बॉल केलेले असतात. सुट्टी संपेपर्यंत ते झकास चालतात. मिरग सुरू झाला की एकेक बिघडायला लागतो. कुणाचा हाताला चिकटतो, कुणाच्या बॉलला वास येतो, कुणाच्या बॉलमध्ये आत घट्ट गोळा तयार होतो, तर कुणाचा आपोआप टम्म फुगतो आणि दप्तरातच फुटतो. मग घरोघरी कृती बदलायची धावपळ सुरू होते. मैदा नको, कॉर्नफ्लॉर घ्या. कॉर्नफ्लॉर नको, तांदूळ घ्या. कुणीतरी सांगतं म्हणून पिठात मीठ घाला. पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मालवणजवळच्या आमच्या वाडीत मुलांचे असे बरेच बॉल माझ्या हाताखालून गेले आहेत. बिघडलेले बॉल कापून बघितल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: कृतीत फारसा दोष नसतो. व्हिडिओत दाखवलेली कृती कोरड्या हवेत अगदी बरोबर चालते. आपल्या सिंधुदुर्गात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्या काळात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. बुरशीला ७० टक्के पुरतात. त्यामुळे प्रश्न एकच विचारायचा: या बॉलमध्ये ओल शिरली कुठून? ती वाट सापडली की उपाय सोपा आहे. ती न शोधता नुसतं पीठ बदलत राहिलात तर दर पावसाळ्यात हेच होणार.

आधी वास घ्या

बॉल फेकून देण्याआधी त्याच्या गाठीशी नाक न्या. फुग्याची भिंत वास थोडा अडवते, पण गाठीपाशी तो हमखास कळतो. आपल्या भाषेत वासांना चांगले वेगवेगळे शब्द आहेत, त्यांचा इथे उपयोग होतो.

आंबूस वास आला तर आत पाणी आहे आणि पीठ आंबलं आहे. बॉल थोडा फुगलेला असेल, दाबल्यावर नेहमीपेक्षा ताठ लागेल. कुबट वास आला तर बुरशी. हा बॉल फुगत नाही, उलट आतलं पीठ एका बाजूला गोळा होऊन बसतं. खवट वास आला तर ओलीचा संबंध कमी, पिठातल्या तेलाचा जास्त. गव्हाची कणीक, नाचणीचं पीठ यांत धान्याचा कोंडा किंवा अंकुर दळलेला असतो, त्यात थोडं तेल असतं आणि उकाड्यात ते खवट होतं. मैदा आणि कॉर्नफ्लॉरमध्ये हे तेल जवळपास नसतं, म्हणून खवटपणाची तक्रार असेल तरच पीठ बदलण्यात अर्थ आहे. आणि नुसता रबराचा उग्र वास येत असेल, हाताला चिकटपणा जाणवत असेल, तर आतलं पीठ ठणठणीत असू शकतं. बिघडली आहे ती वरची कातडी, म्हणजे फुगा.

कुबट वासाचा बॉल वाचवायच्या भानगडीत पडू नका. तो घरात, पंख्याखाली तर मुळीच कापू नका. बुरशीची पूड हवेत उडते आणि दम्याच्या माणसाला ती त्रासदायक ठरते. पिशवीत घालून, तोंड बांधून कचऱ्यात टाका. आंबूस बॉललाही तोच न्याय. बाकी दोन प्रकारांत दुरुस्ती होते.

पीठ कोरडं दिसतं, पण असतं का?

बाजारातल्या चांगल्या मैद्यातही १२ ते १४ टक्के पाणी असतंच. म्हणजे शंभर ग्रॅम पिठात साधारण अडीच-तीन चमचे पाणी आधीच मुरलेलं असतं, हाताला जाणवत नाही इतकंच. त्यात पाकीट फोडून आठवडाभर डब्यात ठेवलं, डबा रोज उघडला, की पावसाळी हवेतून ते आणखी ओल ओढतं. १४-१५ टक्क्यांच्या वर गेलं की बुरशीला रान मोकळं.

तांदळाच्या पिठाबद्दल खास सांगायला हवं, कारण आपल्या घरात तेच हाताशी असतं. मोदकांसाठी केलेलं पीठ हे धुऊन सावलीत वाळवलेल्या तांदळाचं असतं. मऊ, बारीक, बॉलसाठी स्पर्शाला फार सुंदर. पण तांदूळ भिजलेला असतो आणि पावसात तो पूर्ण वाळत नाही. हे पीठ तसंच भरलं तर सगळ्यात आधी तेच बिघडतं. भाजून घेतलं तर मात्र माझ्या मते यासारखं दुसरं पीठ नाही. गव्हात चिकट प्रथिन असतं, त्यामुळे मैद्याला जरा ओल लागली की त्याची कणकेसारखी गोळी होते आणि वाळल्यावर ती कडक राहते. तांदळात ते नसतं. ओल लागली तरी गोळा चुरगाळला जातो. बॉल कडक होण्याची तक्रार ज्यांना वारंवार येते त्यांनी मैदा सोडावा, इतकं मी खात्रीने सांगते.

भाजायचं कसं, ते नीट बघा. जाड बुडाच्या कढईत एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त पीठ घेऊ नका. गॅस मंद. सुरुवातीला पीठ कालथ्याला चिकटतं, बारीक बारीक गोळ्या होतात, हलवताना जड लागतं. त्या गोळ्या कालथ्याच्या पाठीने मोडत राहा. पाच-सात मिनिटांनी पीठ हलकं होतं, कढईत सरसर घसरायला लागतं. आता स्टीलची एक थंड, कोरडी ताटली कढईवर आडवी धरा, हाताच्या चार बोटांइतक्या उंचीवर. तिच्या खालच्या बाजूला धुकं धरलं तर पाणी अजून निघतंय. ताटली पुसून दर दोन मिनिटांनी पुन्हा धरा. धुकं धरायचं थांबलं की गॅस बंद. रंग बदलू द्यायचा नाही. तांबूस झालं तर बॉलला कायम भाजणीचा वास येतो.

यापुढे बहुतेक जण एक गोष्ट करतात आणि सगळी मेहनत वाया जाते: पीठ परातीत पसरून पंख्याखाली गार करायला ठेवतात. जुलैच्या हवेत उघडं ठेवलेलं भाजकं पीठ तासाभरात पुन्हा ओल धरायला लागतं. त्याऐवजी गरम पीठ कोरड्या स्टीलच्या डब्यात काढा आणि झाकण लावा. गार झाल्यावर झाकण उघडून त्याची आतली बाजू बघा. एक जरी थेंब दिसला तरी पीठ पुरतं भाजलेलं नव्हतं. झाकण पुसा, पीठ परत कढईत. झाकण कोरडं असेल तर लगेच भरायला घ्या, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

ज्यांना हे सगळं पावसात नको वाटतं त्यांनी पापड-कुरडयांबरोबर याचीही बेगमी मे महिन्यातच करावी. कडक उन्हात दोन दिवस वाळवलेलं पीठ, घट्ट झाकणाच्या बरणीत, बरणी गच्च भरलेली, ही तयारी गणपतीपर्यंत सहज पुरते.

तोंडाने फुगवलेला फुगा

ओल आत शिरण्याची ही वाट कुणाच्या लक्षातच येत नाही. पीठ भरण्याआधी फुगा सैल व्हावा म्हणून मुलं तो दोन-तीनदा तोंडाने फुगवतात. काही कृतींत तर तसं सांगितलेलंच असतं: फुगा थोडा फुगवा, पिळून धरा, पिठाच्या बाटलीच्या तोंडावर चढवा, उलटा करा. उच्छ्वासात वाफ असते, वाफेबरोबर लाळेचे बारीक तुषार जातात आणि त्यात जंतूही असतात. म्हणजे सुकं पीठ आणि ओली भिंत. असे बिघडलेले बॉल मी कापून बघितले आहेत. बुरशीचे करडे-हिरवट ठिपके आधी पिठाच्या मधोमध दिसत नाहीत; ते फुग्याच्या आतल्या भिंतीला आणि गाठीजवळच्या निमुळत्या भागात असतात, जिथे पीठ पापुद्र्यासारखं चिकटून बसलेलं असतं. मधलं पीठ कित्येकदा अजून पांढरं असतं.

फुगा सैल करायचा तर हाताने ताणा, नाहीतर फुगे भरायचा हातपंप वापरा. तो वाढदिवसाच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. फुगा धुऊ तर अजिबात नका. आत पाणी गेलं की ते निघत नाही. आत जी पांढरी पूड असते ती फुगा चिकटू नये म्हणून कारखान्यातच घातलेली असते, तिचा काही त्रास नाही.

भरण्यासाठी पाण्याच्या लहान प्लास्टिक बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून नरसाळं करा. फुग्याचं तोंड बाटलीच्या तोंडावर चढवा, पीठ चमच्याने घाला, पेन्सिलच्या बोथट टोकाने हलकेच खाली लोटा. खराट्यातला हीर हाताशी असतो म्हणून तो घेऊ नका. त्याच्या टोकाने फुग्याला इतकं बारीक भोक पडतं की दिसत नाही, पण दाबल्यावर तिथून रोज चिमूटभर पीठ बाहेर येतं आणि तितकीच हवा आत जाते. बॉल "आपोआप सैल झाला" असं ज्यांना वाटतं त्यांनी पांढऱ्या रेघेचा माग काढावा.

मोठ्या माणसाच्या मुठीसाठी १२ इंची फुग्यात साधारण १०० ग्रॅम पीठ पुरतं, बॉल सहा-साडेसहा सेंटिमीटरचा होतो. मुलांसाठी ५०-६० ग्रॅम. भरून झाल्यावर लगेच गाठ मारायची घाई नको. फुग्याची मान धरून बॉल टेबलावर हलके आपटा, पाच मिनिटं तसाच ठेवा, मग मान सैल करून वर साचलेली हवा चिमटीने दाबून काढा. पिठाच्या कणांत बरीच हवा अडकलेली असते, ती आधी वर येऊ द्यायला हवी. हवा राहिली तर बॉल ताणलेला राहतो आणि दाबल्यावर कुठेतरी पातळ पडतो.

गाठ मारल्यावर दुसरा फुगा. त्याची मान कात्रीने पूर्ण कापून टाका आणि पहिल्या फुग्याची गाठ आत झाकली जाईल अशा उलट्या बाजूने चढवा. दुसरी कातडी फक्त मजबुतीसाठी म्हणून सांगितली जाते, पण आपल्याकडे तिचं खरं काम वेगळं आहे. पातळ रबर वाफेला पूर्ण अडवू शकत नाही. फुगवलेला फुगा गाठ पक्की असूनही दोन-तीन दिवसांत मऊ पडतो, कारण रबरातून हवा हळूहळू झिरपते. दोन थरांतून ओल जायला जास्त वेळ लागतो, आणि सगळ्यात कच्चा भाग, म्हणजे गाठ, तो झाकला जातो. पावसाळ्यात एका थराचा बॉल करूच नये.

हाताला चिकटणारा बॉल

आमच्या वाडीतल्या एका आजींचा मनगटाचा अस्थिभंग झाला होता. प्लास्टर काढल्यावर डॉक्टरांनी मुठीचा व्यायाम सांगितला, तर त्यांच्या नातीने त्यांना घरीच बॉल करून दिला. आठ दिवसांत तो चिकट झाला. दुसरा दिला, तोही तसाच. "गो, ह्यो बॉल परत हाताक चिकटता," म्हणत त्या बॉल घेऊन आल्या. बॉलला आतून काहीच झालं नव्हतं, पीठ मोकळं होतं. बाहेरून रबर एका बाजूला फिकट पडून मऊ झालं होतं, बोटाने ओढल्यावर त्याला सुरकुती धरत होती आणि ती परत जात नव्हती.

"आजी, हाताला काय लावता?"

"मुठेल. आनी काय लावतलंय?"

कोकमाच्या बियांचं तेल. भेगांना, कोरड्या पडलेल्या हातांना त्याच्यासारखं औषध नाही, आणि मनगट दुखतं म्हणून आजी रोज चोळत होत्या. तेल चोळून झालं की लगेच बॉल हातात. फुगे ज्या रबराचे असतात ते रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेलं असतं. दोडामार्ग-सावंतवाडीकडे त्या झाडांच्या बागा आहेत, चीक धरणाऱ्या वाट्या अनेकांनी पाहिल्या असतील. हे रबर पाण्याला दाद देत नाही, पण तेल त्यात सहज शिरतं. रबर फुगतं, ढिलं पडतं आणि मग चिकट होतं. मुठेल असो, खोबरेल असो, व्हॅसलीन असो, डास चावू नयेत म्हणून लावायचं मलम असो, रबराला सगळी सारखीच.

आजींना तेल बंद करायला सांगणं बरोबर नव्हतं. त्यांना आम्ही दोन गोष्टी सांगितल्या: व्यायाम आधी, तेल नंतर, आणि बॉलवर सुती कापडाची घट्ट पिशवी. जुन्या सुती मोज्याचा पुढचा भाग कापून बॉल त्यात घातला आणि तोंड शिवून टाकलं. पिशवी उसवून धुता येते. वयस्कर माणसांसाठी मी आता अशीच पिशवी घालायला सांगते, घामाने बॉल निसटतही नाही.

तेल लागलेलं नसूनही बॉल चिकट लागत असेल, तर बहुधा घाम आणि खारं वारं. किनाऱ्यालगतच्या घरात खिडकीच्या गजांवर, आरशावर जो चिकट थर बसतो तोच बॉलवरही बसतो. मीठ हवेतलं पाणी धरून ठेवतं, म्हणून नुसतं कोरड्या फडक्याने पुसून उपयोग होत नाही. साबणाचा एक थेंब घातलेल्या गोड्या पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून बॉल पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने, मग सावलीत वाळवा आणि चिमूटभर कॉर्नफ्लॉर चोळा. एवढं केल्यावरही चिकटपणा राहिला तर रबर गेलं. आतला थर चांगला असेल तर फक्त वरची कातडी कापून काढा, नवीन फुगा चढवा. पीठ बदलायची गरज नाही.

बॉल फुटतो त्याची कारणं

इथे फार खोलात जायला नको. नखं, जास्त भरणं, तेल आणि जुना फुगा, बहुतेक फुटके बॉल या चारांत बसतात. जुना फुगा ओळखायचा तर त्याची मान दोन बोटांत ताणून उजेडासमोर धरा. बारीक आडव्या चिरा दिसल्या, किंवा सोडल्यावर तो पटकन मूळ मापावर आला नाही, तर घेऊ नका. दुकानाबाहेर उन्हात लटकवलेल्या माळेतले फुगे कितीही छान दिसोत, उन्हाने त्यांचं रबर आधीच कमकुवत झालेलं असतं. चकचकीत धातूच्या रंगाचे फुगे कमी ताणले जातात, ते बॉलसाठी नकोत. बॉल खिडकीत ठेवू नका, आणि पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यातही नको. तांब्याच्या संपर्कात रबर लवकर खराब होतं आणि पितळेत तांबंच असतं.

फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच वेचा. आठ वर्षांखालच्या मुलांच्या घशात फुग्याचा तुकडा अडकून गुदमरण्याचा धोका खरा आहे, फुग्यांच्या पाकिटावर ही सूचना छापलेली असते. तोंडात घालायच्या वयाच्या मुलाला हा बॉल देऊच नये. रबराच्या हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी ज्यांच्या अंगावर पित्त उठतं, त्यांनीही हा प्रकार टाळावा. त्यांच्यासाठी कापडी पिशवीत मोहरी किंवा मूग भरून चेंडू शिवता येतो.

पाणी घातलेले बॉल

कॉर्नफ्लॉर आणि पाणी कालवून भरलेला बॉल मुलांना फार आवडतो. हळू दाबलं तर पातळ, जोरात दाबलं तर घट्ट, हा गुण विज्ञान प्रदर्शनात दाखवायला उत्तम. पण आपल्या उकाड्यात हे मिश्रण दोन-चार दिवसांत आंबतं, वायू सुटतो, बॉल फुगतो. याला उपाय नाही. ज्या दिवशी दाखवायचा त्याच दिवशी करा आणि त्याच दिवशी टाका. मिश्रण मोरीत ओतू नका, खाली बसून पाइप तुंबतो. भिजवलेल्या सब्जाचा बॉल तर दुसऱ्या दिवशीच वास मारतो.

पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत मणी काही जण बॉलमध्ये भरतात. लहान मूल असलेल्या घरात ते आणूच नयेत असं मी कळकळीने सांगते. गिळलेला मणी पोटात आणखी फुगतो आणि आतड्यात अडकू शकतो. शस्त्रक्रियेची वेळ येते. फुटलेल्या बॉलमधून घरंगळलेला एक मणी कपाटाखाली राहिला तरी पुरे.

मीठ, वाळू, तांदूळ

मीठ टाकल्याने पीठ टिकतं हा सल्ला आपल्याकडे उलटा पडतो. शुद्ध मीठसुद्धा आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी शोषून विरघळायला लागतं, आणि जाड्या खड्याच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याहून कितीतरी आधी. आपल्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी जुलैत कशी पाझरते ते सगळ्यांना माहीत आहे. तेच पिठाच्या आत होतं. मीठ नको.

वाळू सडत नाही, हे खरं. पण समुद्रावरची वाळू खारी असते, त्यातल्या शिंपल्यांच्या कचांनी फुगा आतून चिरतो. वापरायचीच तर नदीची बारीक वाळू, चाळून, गोड्या पाण्यात धुऊन, कढईत तापवून गार केलेली. बॉल जड होतो. मुलं एकमेकांना फेकून मारतात, हे लक्षात घेऊन ठरवा.

अख्खे तांदूळ भरलेल्या बॉलमध्ये महिन्याभराने वळवळ दिसली तर ते किडे बाहेरून आलेले नसतात. पोरकिड्याची मादी दाण्याच्या आत अंडं घालते, त्यामुळे निवडलेला तांदूळही आतून किडका असू शकतो. भरण्याआधी तांदूळ कोरडेच भाजून घ्या, किंवा चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि पिशवी न उघडता बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड पिशवी लगेच उघडली तर दाण्यांवर दव धरतं.

फोमचे बॉल

स्पंज कापून, रंगवून केलेले बॉल पावसात दोन तऱ्हांनी बिघडतात. रंग चिकट राहतो, कारण ॲक्रिलिक रंग त्यातलं पाणी उडून वाळतो आणि दमट हवेत ते उडत नाही. एकावर एक जाड थर देण्याऐवजी अगदी पातळ थर द्या आणि दोन थरांत पूर्ण दिवस जाऊ द्या. खरं तर हे काम दिवाळीनंतरचं. दुसरं म्हणजे जुना फोम पिवळा पडून भुगा होतो. कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळवे पावसाळ्यात असेच गळून पडतात, दोन्हीकडे प्लास्टिक एकाच कुळातलं. भुगा झालेला फोम दुरुस्त होत नाही. सोफ्यातून काढलेला जुना फोम वापरण्याऐवजी नवा तुकडा घ्या.

ठेवायचा कुठे, बदलायचा कधी

रात्री बॉल झाकणाच्या डब्यात ठेवा. औषधाच्या बाटलीत किंवा बुटांच्या खोक्यात येणारी ओल शोषणारी पुडी डब्यात टाका. ती बॉलच्या आत कधीही नको, आणि डबा मुलांच्या हाताला लागेल असा नको. फ्रिजमध्ये ठेवलेला बॉल बाहेर काढला की त्यावर लगेच पाणी धरतं, म्हणून कोरड्या पिठाच्या बॉलला फ्रिज दाखवू नका.

वरची कातडी पावसाळ्यात महिन्याने, इतर वेळी दोन-तीन महिन्यांनी बदला. चिकट व्हायची वाट बघू नका. वरचा थर शाबूत असताना बदलला तर आतला वर्षभर टिकतो. पीठ मात्र वास आल्याशिवाय बदलायचं कारण नाही.

मुलांना बॉलवर तोंड काढायची हौस असते. मार्करच्या शाईतल्या द्रावकाने रबर त्या रेघेवर कमजोर होतं, तेव्हा वरच्याच थरावर काढू द्या, हलक्या हाताने, आणि पूर्ण वाळल्यावरच दाबू द्या. बॉलपेन नको, त्याचं टोक रुततं. पीठ कधी भरलं आणि कातडी कधी बदलली त्या दोन्ही तारखा डब्याच्या झाकणाला कागद चिकटवून लिहून ठेवा.